पोपटाचा गेटपास

अंधेरीतल्या कुठल्याही सोसायटीत असू शकतील असे दोन पिंजरे डोळ्यांसमोर आणा. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे मिठू आहे. हिरवागार, लाल चोचीचा, गळ्याभोवती काळा-गुलाबी कंठ. मिरची खातो, 'विठ्ठल विठ्ठल' म्हणतो आणि दाराची बेल वाजली की आजींच्या आधी ओरडतो. अकराव्या मजल्यावर एका कुटुंबाने मकाव पाळलाय. निळी पाठ, पिवळं पोट, शेपटीसकट हातभर लांब. मूळचा दक्षिण अमेरिकेच्या जंगलातला.

या दोघांपैकी बेकायदा कोण?

बहुतेकांचं बोट अकराव्या मजल्याकडे जाईल. एवढा महागडा परदेशी पक्षी, काहीतरी गडबड असणारच. पण खात्रीने कायदा मोडला जातोय तो तिसऱ्या मजल्यावर. आजींचा मिठू पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मकावचे कागद जागेवर असतील, तर तो मात्र सुखाने अकराव्या मजल्यावर राहू शकतो.

गंमत इथेच संपत नाही. वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या जागतिक यादीत जगातले जवळजवळ सगळे पोपट आहेत. त्यातून वगळलेले पक्षी फक्त चार: बजरीगर म्हणजे आपण ज्यांना सरसकट 'लव्हबर्ड' म्हणतो ते, खरा गुलाबी तोंडाचा लव्हबर्ड, कॉकाटील, आणि चौथा आपला मिठू! म्हणजे जगाने ज्याला मोकळं सोडलं त्याला आपल्याकडे बंदी, आणि जगाने ज्याच्यावर पहारा बसवला त्याला आपल्याकडे घर. हा उलटा न्याय कसा झाला हे समजलं, तर आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर, सहारच्या विमानतळावर रोज काय चालतं तेही समजेल.

घरचा कायदा, जगाचा करार

आपला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. तो मुख्यतः इथल्या रानातल्या प्राण्यांसाठी लिहिला गेला. मिठू इथलाच. बाजारात विकला जाणारा मिठू सहसा ढोलीतून पिल्लू असतानाच काढलेला असतो, आणि गिऱ्हाइकापर्यंत एक पिल्लू जिवंत पोचताना वाटेत इतर किती मरतात याचा हिशेब कोणी ठेवत नाही. म्हणून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच देशी रानपक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आली. आजी मिठूवर किती जीव लावतात हे कायदा विचारत नाही. तो आला कुठून, एवढंच विचारतो.

जागतिक करार वेगळा प्रश्न विचारतो. त्याचं नाव 'साइट्स'. संकटात असलेल्या वन्य प्राण्यांच्या आणि वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा हा करार. ३ मार्च १९७३ रोजी वॉशिंग्टनमध्ये त्यावर सह्या झाल्या, १ जुलै १९७५पासून तो लागू झाला आणि १९७६मध्ये भारत त्यात आला. आज १८४ देश आणि युरोपीय संघ त्याचे सदस्य आहेत. ३ मार्चला जागतिक वन्यजीव दिन पाळतात तो याच तारखेमुळे.

साइट्सला तुमच्या पिंजऱ्याशी देणंघेणं नाही. त्याचा प्रश्न एकच: हा जीव सीमा ओलांडतोय, तर ज्याच्या घरातून निघाला त्याला, आणि गरज असेल तिथे ज्याच्या घरी चालला त्यालाही, विचारलंय का? मिठू आशिया-आफ्रिकेत मुबलक आहे, लंडनच्या बागांतही त्याने बस्तान बसवलंय. व्यापारामुळे तो जगातून संपेल अशी भीती नाही, म्हणून तो यादीत नाही. मकावच्या बाबतीत ती भीती आहे. दोन कायदे, दोन वेगळे प्रश्न, म्हणून दोन वेगळी उत्तरं.

लॉकर, गेटपास आणि शेजारी

साइट्सच्या तीन याद्या आहेत, त्यांना परिशिष्टं म्हणतात. परिशिष्ट म्हटलं की डोळे मिटायला लागतात, म्हणून आपण त्यांना ओळखीची नावं देऊ.

पहिली यादी म्हणजे बँकेचा लॉकर. लॉकर दोन किल्ल्यांशिवाय उघडत नाही. एक तुमच्याकडे, एक बँकेकडे. पहिल्या यादीतल्या जीवाला सीमा ओलांडायची तर पाठवणाऱ्या देशाचा निर्यात परवाना हवा आणि घेणाऱ्या देशाचा आयात परवानाही हवा. धंद्यासाठी असेल तर रानातून पकडलेल्या जीवाला हा लॉकर जवळपास उघडतच नाही. वाघ, खवले मांजर आणि बोरिवलीच्या संजय गांधी उद्यानातून आरेपर्यंत फिरणारा आपला बिबट्या या यादीत आहेत. माणसासारखं बोलणारा आफ्रिकन ग्रे पोपट पूर्वी दुसऱ्या यादीत होता. पिंजऱ्यांसाठी त्याची इतकी लूट झाली की २०१६च्या परिषदेत त्याला लॉकरमध्ये ठेवावं लागलं.

दुसरी यादी म्हणजे सोसायटीचा गेटपास. घर सोडताना टेम्पोत कपाट चढवलं की वॉचमन सेक्रेटरीची चिठ्ठी मागतो. कपाट नेऊ नका, असं त्याचं म्हणणं नसतं. कपाट तुमचंच आहे आणि कोणाचं नुकसान होत नाही, एवढी खात्री त्याला हवी असते. दुसऱ्या यादीतल्या जीवाला निर्यात करणाऱ्या देशाची अशी चिठ्ठी लागते. निळा-पिवळा मकाव इथे आहे. आजोळच्या शिसवी पलंगाचं लाकूडही इथे आहे.

तिसरी यादी म्हणजे शेजाऱ्याला सांगून गावी जाणं. 'आमच्या दारावर जरा लक्ष ठेवा हो.' एखाद्या देशात एखादा जीव कायद्याने जपलेला असतो, पण बाहेरच्या व्यापारावर त्याला एकट्याने नजर ठेवता येत नाही. मग तो देश इतरांना मदत मागतो. भारताने या यादीत घातलेली नावं वाचली तर घरची माणसं भेटल्यासारखं वाटतं: मुंगूस, खोकड आणि मुंबईच्या खारफुटीतही दिसणारा सोनेरी कोल्हा. मुंगसाचं नाव तिथे का, असं वाटेल. चित्रकाराचा ब्रश आठवा. मुंगसाच्या केसांचे ब्रश टोकदार राहतात म्हणून त्यांना मागणी असते, आणि एका मुंगसाच्या अंगावरून ब्रशापुरते केस फारच थोडे निघतात.

या तिन्ही याद्यांत मिळून चाळीस हजारांहून अधिक जाती आहेत, त्यांत वनस्पतीच जास्त. आणि शंभरातल्या पंच्याण्णवांहून अधिक जाती दुसऱ्या, म्हणजे गेटपासच्या यादीत आहेत. साइट्स म्हणजे बंदीची यादी हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो. कराराचा मोठा भाग व्यापार थांबवण्यासाठी नसून तो टिकेल इतपतच चालू ठेवण्यासाठी आहे.

सेक्रेटरी चिठ्ठी कशावरून देतो?

इतपत म्हणजे किती, हे कोण ठरवणार? प्रत्येक देशात दोन खाती असतात. परवाना देणारं प्रशासकीय खातं आणि त्याला सल्ला देणारं शास्त्रीय खातं. शास्त्रज्ञांनी आधी निर्वाळा द्यायचा की एवढा माल बाहेर गेला तरी रानातल्या किंवा समुद्रातल्या साठ्याला धक्का लागणार नाही. हा निर्वाळा नसेल तर चिठ्ठी नाही.

हे गणित अंधेरीकरांना नवं नाही. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात ते पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, कारण पावसाळ्यात पुष्कळशा माशांची वीण होते. जाळ्याचे आस बारीक ठेवले तर पिल्लंही अडकतात आणि पुढच्या वर्षी डोल रिकामी येते. महाराष्ट्र सरकारने २०२३मध्ये पापलेट-सुरमईसारख्या पन्नासहून अधिक जातींसाठी पकडण्याजोगा किमान आकार ठरवून दिला, त्यामागेही हेच आहे. मासा निदान एकदा तरी वीण करून जाऊ दे.

पण हे गणित प्रत्येक माशाला वेगळं लागतं. बांगड्याची मादी हजारोंनी अंडी सोडते. मुशीचं तसं नाही. मुशी म्हणजे शार्क, मालवणीत मोरी. तिच्या बऱ्याच जाती वयात यायला कित्येक वर्षं लागतात आणि एका वेळी पिल्लं मोजकीच होतात. बांगडा खर्चाला पुरणारा पगार असेल, तर मुशी म्हणजे आजीने साठवलेली पुंजी. बाळंतिणीला मोरीचं कालवण द्यावं, हे घरगुती खाणं कधीपासून चालत आलंय. पुंजी मोडायला लागली ती परांच्या धंद्यामुळे. शार्कच्या परांच्या सुपाला हाँगकाँग-चीनकडे मोठी किंमत येते. भारताने फेब्रुवारी २०१५मध्ये परांच्या निर्यातीवर बंदी घातली. तरी सप्टेंबर २०१८मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने, म्हणजे डीआरआयने, मुंबईत शिवडीला आणि गुजरातेत वेरावळला मिळून सुमारे ८,००० किलो पर पकडले. २०२२च्या पनामा परिषदेत साइट्सने शार्कचं एक अख्खं कुळ गेटपासच्या यादीत घातलं. त्याचं एक कारण असं की वाळवलेला पर कुठल्या जातीचा हे गोदीवरच्या अधिकाऱ्याला नुसत्या नजरेने सांगता येत नाही. अख्खं कुळच यादीत असलं की ओळखण्यात चूक होण्याचा प्रश्न राहत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. २०१६मध्ये शिसव-शिसूचा सगळा वंश यादीत गेला आणि आपल्या लाकडी वस्तूंच्या निर्यातीला त्याचा फटका बसला. आपल्याकडे शिसू शेतांच्या बांधावर, कालव्यांच्या काठांवर लावतात. तो संकटात नाही, हे भारत सांगत राहिला. लाकूड कायदेशीर ठिकाणचं असल्याची 'वृक्ष' नावाची प्रमाणपत्रं देऊन कारागिरांचा माल बाहेर जात होता. शेवटी पनामातच ठरलं की प्रत्येकी दहा किलोंपेक्षा कमी लाकडाच्या शिसू-वस्तूंना एकत्र पाठवलं तरी परवाना लागणार नाही. घट्ट गाठ मारणं जितकं महत्त्वाचं, तितकीच नको तिथे ती सैल करणंही. कारागिराचं पोट त्या झाडावर चालत असेल, तर झाड टिकावं असं त्यालाच सगळ्यांत जास्त वाटतं.

सहारच्या पट्ट्यावर

आता विमानतळावर येऊ. बँकॉकहून मुंबईला यायला साडेचार तासांच्या आसपास लागतात. पट्ट्यावर फिरणाऱ्या ट्रॉली बॅगांत एखादी जरा वेगळी असते. क्ष-किरणाच्या पडद्यावर कपड्यांच्या घड्यांमध्ये वेटोळी दिसतात. उघडल्यावर प्लास्टिकचे डबे, झाकणांना भोकं पाडलेली. कापडी पिशव्या, तोंडाशी गाठ मारलेल्या. डिसेंबर २०२३मध्ये डीआरआयने मुंबईत पकडलेल्या प्रवाशाकडे बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांत अकरा साप निघाले, नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक.

बॅगेपेक्षा मोठा दरवाजा मालवाहतुकीचा. ऑक्टोबर २०२२मध्ये सहारच्या एअर कार्गो संकुलात मलेशियाहून आलेले खोके उघडले गेले. कागदावर शोभेचे मासे होते. आत अजगर, सरडे, कासवं, इग्वाना असे ६६५ जीव होते. त्यांतले ११७ पोचेपर्यंत मेले होते.

जून २०२५च्या सुरुवातीला थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाकडे ४७ विषारी साप सापडले. त्यांतले तीन होते कोळीशेपटी शिंगाळ घोणस. या सापाच्या शेपटीच्या टोकाला खवल्यांचा असा झुबका असतो की हलवला की कोळी पळतोय असं वाटतं. पक्षी कोळी टिपायला झेपावतो आणि स्वतःच टिपला जातो. हा साप पश्चिम इराणच्या डोंगरांतला. तो थायलंडमार्गे अंधेरीला आला.

आता प्रश्न पडतो, चोरी नेमकी कोणाच्या हद्दीत झाली? साप मूळचा इराणच्या डोंगरातला, बॅगेत भरला थायलंडमध्ये, सापडला मुंबईत, आणि गिऱ्हाईक भारतात कुठेतरी. मुंबईच्या कस्टम्सच्या हाती लागतो तो बॅग उचलणारा, बहुतेकदा तिकिटाच्या आणि थोड्या पैशांच्या मोबदल्यात आलेला. बॅग कोणी भरली हे बँकॉकला ठाऊक, साप कोणी पकडला हे इराणला, आणि पैसे कोणी दिले ते एखाद्या मोबाइलमध्ये. कोड्याचा एकेक तुकडा एकेका देशाकडे असतो. तुकडे जुळवल्याशिवाय चित्र दिसत नाही, आणि ते जुळवणं हेच सीमेपलीकडचं सहकार्य.

ते जुळतं तेव्हा बॅग इकडे पोचतच नाही. मार्च २०२४मध्ये बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर मुंबईला निघालेल्या सहा भारतीयांना तिथल्याच अधिकाऱ्यांनी अडवलं. सामानात ८७ जीव होते. त्यात कोलंबियातलं एक चिमुकलं माकड होतं आणि एक तांबडा पांडाही होता, जो आपल्या सिक्कीम-अरुणाचलातही राहतो! हिमालयातला प्राणी बँकॉकमार्गे मुंबईला चालला होता.

अशी माहिती फिरती राहावी म्हणून भारतात २००७पासून वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्यूरो आहे, त्याचं एक प्रादेशिक कार्यालय मुंबई परिसरात आहे. दक्षिण आशियातल्या देशांनी २०११मध्ये 'सावेन' हे जाळं उभारलं, त्याचं सचिवालय काठमांडूत आहे. इंटरपोलही जगभर एकाच वेळी मोहिमा काढते. तरी ओघ मोठाच आहे. 'ट्रॅफिक' ही वन्यजीव व्यापाराचा अभ्यास करणारी संस्था सांगते, की जून २०२५पर्यंतच्या साडेतीन वर्षांत थायलंड-भारत हवाई मार्गावर सात हजारांहून अधिक जिवंत-मेलेले प्राणी पकडले गेले.

पकडल्यावर पुढे काय?

'सोडून द्या की आरेच्या जंगलात,' असं कोणालाही वाटेल. तेवढंच मात्र करायचं नसतं. परदेशी प्राण्याबरोबर परदेशी रोग येतात. पोपटांपासून माणसाला फुप्फुसाचा ताप येऊ शकतो, कासवांबरोबर साल्मोनेला जिवाणू. रोग नसला तरी पाहुणा घर बळकावतो. डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं नाण्याएवढं गोंडस कासव आठवतंय? ते अमेरिकेतलं. पाळणाऱ्यांना ते ताटाएवढं झाल्यावर नकोसं होतं आणि तळ्यात सोडलं जातं. तिथे ते इथल्या कासवांचं खाणं आणि उन्हात बसायची जागा हिसकावतं.

म्हणून पशुवैद्य तपासतात, ब्यूरो जात ओळखतं, आणि शक्य असेल तर प्राणी ज्या देशातून विमानात चढला त्या देशात परत पाठवतात, बरेचदा आणणाऱ्या कंपनीच्याच विमानाने. साइट्सच्या मजकुरातही परतीची तरतूद आहे. पण परत म्हणजे कुठे? इराणचा साप बँकॉकला पाठवला तर तो घरी पोचला असं म्हणता येईल का? तिथून पुढची वाट दोन देशांनी मिळूनच काढावी लागते.

ती निघतेही. नोव्हेंबर २०१८मध्ये सिंगापूरहून ५१ तारा-कासवं विमानाने बेंगळुरूला परत आली. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेली ही आपली कासवं बाहेरच्या पाळीव बाजारात चोरून विकली जातात. पुढच्याच वर्षी, २०१९मध्ये, भारताच्या पुढाकाराने ती गेटपासच्या यादीतून लॉकरमध्ये गेली. सहारमधून चोरी एकाच दिशेने होत नाही. आपल्याकडे येणाऱ्या बॅगा आहेत, तशा आपल्याकडून जाणाऱ्याही.

फट कुठे राहिली होती?

इतकं सगळं असून परदेशी प्राणी इथे खुलेआम कसे विकले जात? कारण बरीच वर्षं आपला कायदा देशी प्राण्यांपुरताच होता. परदेशी प्राणी विमानतळावर सापडला तर कस्टम्सचा गुन्हा. तोच प्राणी दरवाजातून बाहेर पडून सहार रोडला लागला की त्याला विचारणारं कोणी नसे. चोर उंबरठ्याबाहेर गेला की साव!

ही फट टप्प्याटप्प्याने बुजवली जातेय. जून २०२०मध्ये केंद्राने परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना सांगितलं की सहा महिन्यांत माहिती द्या, कागद विचारणार नाही. १ एप्रिल २०२३पासून सुधारित कायदा लागू झाला. साइट्समधल्या जीवांसाठी त्यात स्वतंत्र अनुसूची आली. २०२४च्या नियमांनी अशा प्राण्यांची 'परिवेश' या सरकारी पोर्टलवर नोंद सक्तीची केली. जन्म, मृत्यू, मालक बदलला तर तेही कळवायचं. थायलंडनेही २०१९मध्ये आपला जुना वन्यजीव कायदा बदलला. एका देशाने दार लावून भागत नाही, कारण पाणी उतार शोधतं.

उरलेली मोठी पळवाट म्हणजे जन्माचा दाखला. साइट्सच्या परवान्यावर प्राण्याच्या उगमाचं अक्षर असतं. 'डब्ल्यू' म्हणजे रानातला, 'सी' म्हणजे बंदिस्त अवस्थेत, पिढ्यांपासून पाळलेल्या आई-बापांच्या पोटी जन्मलेला. 'सी'ला वाट सोपी. म्हणून रानातून चोरलेल्या पिल्लाला 'सी'चा कागद चिकटवायचा मोह होतो. हे कसं पकडायचं?

पोपटांपुरतं एक साधं उत्तर आहे, पायातलं कडं. पाळणारा पिल्लू थोड्या दिवसांचं असताना त्याच्या पायात अखंड, बिनजोडाचं कडं सरकवतो. तेव्हा बोटं मऊ आणि बारीक असतात. पाय वाढला की ते ना निघतं, ना दुसऱ्या कोणाच्या पायात चढवता येतं. लहानपणी चढवलेली बांगडी मोठेपणी मनगटातून निघत नाही, तसंच. कड्यावरचा क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी जुळला, तर हा पक्षी पिल्लू असताना माणसाच्याच हातात होता हे कळतं. रानात वाढलेल्या पोपटाच्या पायात असं कडं नंतर घालता येत नाही.

चौकट : थोडक्यात

• देशी रानपक्षी पाळणं गुन्हा आहे. मिठू, मैना, मुनिया, सगळेच.
• साइट्स व्यापाराला सरसकट बंदी करत नाही. पहिल्या यादीला दोन परवाने, दुसरीला निर्यात करणाऱ्या देशाचा, तिसरीत एका देशाने इतरांकडे मागितलेली मदत.
• परवान्याआधी शास्त्रज्ञांचा निर्वाळा हवा, की साठ्याला धक्का बसणार नाही.
• परदेशी पाळीव प्राणी साइट्सच्या यादीत असेल तर 'परिवेश' पोर्टलवर नोंद सक्तीची आहे.
• परदेशातून शंख, प्रवाळ, चामड्याच्या वस्तू, कासवाच्या पाठीचे कंगवे आणण्याआधी चौकशी करा. जिवंत प्राण्यांचे नियम त्यांच्या अवयवांनाही लागू होतात.
• नकोसा झालेला परदेशी प्राणी तळ्यात किंवा जंगलात सोडू नका. वनविभागाला कळवा.

पुन्हा तिसरा मजला

आता परत त्या दोन पिंजऱ्यांकडे जाऊ. अकराव्या मजल्यावरच्या मकावच्या पायात कडं आहे का, ते बघता येईल. क्रमांक जुळला तर दक्षिण अमेरिकेपासून अंधेरीपर्यंत कोणीतरी कोणालातरी विचारलेलं आहे. जुळला नाही, तर तोही तिसऱ्या मजल्याच्याच रांगेत.

आजींच्या मिठूच्या पायात कडं नाही. त्याचं कडं गळ्यात, आणि तेही नराला दोन-तीन वर्षांनी आपोआप उगवणारं. त्याच्यासाठी गेटपास कोणी दिला नाही, कारण ढोलीत त्याच्या आई-बापांना विचारायला कोणी गेलंच नव्हतं. आणि आज संध्याकाळी आजींनी गॅलरीत उभं राहून कान दिला, तर झाडांवर रात्रीच्या मुक्कामाला उतरणारा हिरवा थवा त्यांना ऐकू येईल. विठ्ठलाचं नाव तो घेत नाही, एवढंच.